डेटाबेस सोर्सवरून बांधायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

२९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक इशारा जाहीर केला आणि जगभर सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली. फ्रॉइंड हे पोस्टग्रेस हा डेटाबेस घडवणाऱ्या मंडळींपैकी एक, नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. पोस्टग्रेसचा वेग मोजण्याचं काम चालू असताना त्यांच्या लक्षात आलं, की लिनक्स मशीनवर दुरून लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. एवढ्याशा फरकाकडे कुणी बघत नाही. त्यांनी बघितलं, मूळ शोधत गेले आणि एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअरपाशी पोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट पेरून ठेवली होती.

तेव्हापासून एक प्रश्न सांगलीतही सारखा कानावर येतो. विश्रामबागेतली इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, मार्केट यार्डातल्या अडत दुकानांची हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहिणारे विचारतात: तयार पॅकेज बसवायचं की सोर्सवरून स्वतः कंपाइल करायचं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एकदा तरी स्वतःच्या हाताने बांधून बघाच. पण लोकांचे पैसे आणि हिशेब जिथे आहेत तिथे तयार पॅकेजच वापरा. असं का, ते आता सविस्तर. उदाहरण पोस्टग्रेसचंच घेतो.

## सोर्स म्हणजे काय, पॅकेज म्हणजे काय

सांगलीत हळद दोन तऱ्हेने घरात येते. दुकानातून पुडी आणायची, नाहीतर हळकुंडं घेऊन कांडपावरून दळून आणायची. पुडीत काय मिसळलंय, किती बारीक दळलंय हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. हळकुंडं हातात घेऊन पारखता येतात, पण मग कांडपाची फेरी आणि चाळणं आपल्या वाट्याला. सोर्स कोड म्हणजे हळकुंडं, कंपायलर म्हणजे कांडप आणि पॅकेज म्हणजे पुडी.

सोर्स कोड हा माणसाला वाचता येईल असा मजकूर असतो. पोस्टग्रेसचा मुख्यतः सी भाषेत आहे, दहा लाखांहून जास्त ओळींचा. संगणकाला तो थेट चालवता येत नाही. कंपायलर त्याचं यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो आणि त्यातून जी फाइल तयार होते ती बायनरी. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमची वेगवेगळी रूपं घडवणारी मंडळी हे काम आधीच करून बायनरी आपल्यापर्यंत पोचवतात, तेच पॅकेज.

पोस्टग्रेसचा सोर्स कुणालाही फुकट मिळतो. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली विद्यापीठात मायकल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली हे काम सुरू झालं. आजचं पोस्टग्रेस-एसक्यूएल हे नाव १९९६ मधलं. सोर्स वाचा, बदला, विका, परवाना आडवा येत नाही.

## ‘आहे’ तरी ‘नाही’ का म्हणतं?

सोर्सची फाइल वीस-पंचवीस एमबीची असते. ती उलगडली की फोल्डरमध्ये जाऊन पहिली कमांड द्यायची: कॉन्फिगर. नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून इथे जरा थांबू.

कॉन्फिगर ही एक लांबलचक स्क्रिप्ट आहे. ती तुमच्या मशीनवर काय आहे आणि काय नाही ते तपासते. कंपायलर आहे का? मेक नावाचं साधन आहे का? अमुक लायब्ररी आहे का? लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला, अनेक प्रोग्राम मिळून वापरतात असा कोड. कॉन्फिगर नुसतं फाइलचं नाव शोधून थांबत नाही. ती चार ओळींचा प्रोग्राम लिहिते, कंपाइल करून बघते आणि जमलं तरच ‘येस’ छापते. पडद्यावर शेकडो ओळी सरकत जातात त्या याच.

मग एका ठिकाणी गाडी अडते. ‘रीडलाइन लायब्ररी सापडली नाही’ अशा अर्थाची चूक येते. मुलं गोंधळतात, कारण शोधलं तर रीडलाइन मशीनवर दिसते. अडचण अशी, की लिनक्सवर एका लायब्ररीची दोन पॅकेजं असतात. एक चालवण्यापुरतं, ते आधीपासून असतं. दुसरं बांधण्यासाठी; त्यात हेडर फायली असतात, म्हणजे लायब्ररीत कोणती कामं आहेत आणि ती कशी मागायची याचा तपशील. डेबियन-उबुंटूत या दुसऱ्या पॅकेजच्या नावाला शेवटी ‘डेव्ह’ लागतं, फेडोरा आणि रेडहॅटकडे ‘डेव्हेल’. ते बसवलं की अडथळा दूर. आयसीयू आणि झेडलिब या लायब्ऱ्यांचंही हेच.

चूक आली की इंटरनेटवर शोधायच्या आधी त्याच फोल्डरमधली कॉन्फिग-लॉग ही फाइल उघडा. कोणता छोटा प्रोग्राम कंपाइल झाला नाही आणि कंपायलर काय म्हणाला, ते त्यात शब्दशः असतं. ती वाचायची सवय लागली की पुढची निम्मी कामं सोपी होतात.

इथे एक पळवाट सगळ्यांना सापडते. चुकीच्या मजकुरातच लिहिलेलं असतं, की रीडलाइन नको असेल तर ‘विदाउट-रीडलाइन’ असं सांगा. सांगितलं की कॉन्फिगर पुढे सरकतं. पण नंतर डेटाबेसशी बोलायच्या पीएसक्यूएल या खिडकीत वरचा बाण दाबून मागची कमांड आणायला गेलात तर कमांड येत नाही, विचित्र खुणा उमटतात. ती सोय तुम्हीच बांधताना काढून टाकलेली असते.

## मेक, आणि त्यानंतरची चाचणी

कॉन्फिगर संपलं की मेक. एकेक फाइल कंपाइल होते आणि शेवटी सगळे तुकडे जोडून प्रोग्राम तयार होतात. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांचं काम. ‘जे-४’ असं सोबत सांगितलं तर चार कामं एकदम चालतात.

नंतर ‘मेक चेक’ द्या. बरेच जण ही पायरी गाळतात, ते मला अजिबात पटत नाही. यात पोस्टग्रेस स्वतःचा एक तात्पुरता सर्व्हर उभा करतो आणि स्वतःवर दोनशेच्या वर चाचण्या चालवतो. तुमच्या मशीनवर, तुमच्या कंपायलरने बांधलेला डेटाबेस बरोबर उत्तरं देतो का, हे तपासायची याहून स्वस्त संधी पुन्हा मिळत नाही.

शेवटी सुडो लावून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन, ‘मेक इन्स्टॉल’. वेगळं काही सांगितलं नसेल तर सगळं यूएसआर-लोकलच्या आत पीजीएसक्यूएल या एका फोल्डरमध्ये जाऊन बसतं. नको झालं तर तेवढा फोल्डर काढून टाकला की झालं. फक्त तुमचा डेटा त्याच फोल्डरच्या आत ठेवलेला नाही ना, हे काढण्याआधी बघा.

## बसवला, पण चालू का होत नाही?

पॅकेज बसवलं की उबुंटूवर डेटाबेस लगेच चालू झालेला असतो. सोर्सवरून बसवला की नुसत्या फायली जागेवर ठेवल्या जातात. पुढचं सगळं आपण करायचं.

आधी पोस्टग्रेस नावाचा स्वतंत्र युझर तयार करायचा. डेटासाठी एक फोल्डर करून त्याची मालकी त्या युझरला द्यायची. मग त्या युझरने इनिटडीबी ही कमांड चालवायची, म्हणजे डेटाबेसची रिकामी मांडणी तयार होते. ही कमांड रूट म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युझर म्हणून चालवली तर ती साफ नकार देते. हा अडेलपणा मुद्दाम ठेवलाय. उद्या डेटाबेसमधल्या एखाद्या फटीतून कुणी आत शिरलं, तर त्याच्या हाती डेटाबेसच्या युझरचे अधिकार लागावेत, अख्ख्या मशीनचे नकोत.

मग पीजी-सीटीएलने सर्व्हर चालू करायचा. तो ५४३२ या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकायला बसतो. त्याच मशीनवर पॅकेजमधून आलेला पोस्टग्रेस आधीच चालू असेल तर दोघे एकाच पोर्टसाठी भांडतात. अशा वेळी एकाचा पोर्ट बदला.

आणि लाईट गेली तर? मशीन पुन्हा चालू होईल, डेटाबेस होणार नाही. मशीनसोबत सेवा चालू करण्याचं काम लिनक्सवर सिस्टमडीकडे असतं आणि त्याला पोस्टग्रेसबद्दल कुणी सांगितलेलंच नसतं. त्यासाठी एक छोटी सर्व्हिस फाइल लिहावी लागते. ‘मी तयार आहे’ असा निरोप डेटाबेसने सिस्टमडीला द्यावा असं वाटत असेल, तर कॉन्फिगरच्या वेळीच ‘विथ-सिस्टमडी’ सांगायला हवं होतं. नसेल सांगितलं तर पुन्हा कंपाइल करा.

## मराठी वापरणाऱ्यांनी लक्ष द्यावं अशा दोन गोष्टी

अशा कितीतरी गोष्टी बांधतानाच ठरतात आणि नंतर कुठल्याही सेटिंगमधून बदलत नाहीत. त्यातल्या दोन थेट आपल्या लिपीशी संबंधित आहेत.

पहिली, नावांची लांबी. पोस्टग्रेसमध्ये टेबलाचं किंवा रकान्याचं नाव जास्तीत जास्त ६३ बाइटचं असू शकतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणजे ६३ अक्षरं, भरपूर झाली. देवनागरीत मात्र युटीएफ-८ पद्धतीने प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. मात्रा आणि पाय मोडल्याची खूण वेगळी मोजली जाते. म्हणजे आपल्या हाती राहतात २१ खुणा.

हे प्रत्यक्ष करून बघा. एका टेबलात दोन रकाने ठेवा: ‘शेतकऱ्याच्या_खात्याचा_क्रमांक’ आणि ‘शेतकऱ्याच्या_खात्याचा_प्रकार’. ‘शेतकऱ्याच्या’ या शब्दात १२ खुणा, म्हणजे ३६ बाइट. ‘खात्याचा’ मध्ये ८, म्हणजे २४. दोन अधोरेखांचे दोन. झाले ६२. पुढचं ‘क’ किंवा ‘प’ आणखी तीन बाइट मागतं, ते बसत नाही. पोस्टग्रेस दोन्ही नावं तिथेच छाटतो, तशी सूचना छापतो, आणि छाटल्यावर दोन्ही नावं एकसारखीच उरल्यामुळे एकच रकाना दोनदा दिल्याची चूक दाखवून टेबल करायला नकार देतो. रकान्यात भरायच्या मजकुराला ही मर्यादा नाही. ती फक्त नावांना आहे.

सोर्स हातात असेल तर ही मर्यादा वाढवता येते. पीजी-कॉन्फिग-मॅन्युअल नावाच्या हेडर फाइलमध्ये नेमडेटालेन ही संख्या ६४ आहे. त्यातला एक बाइट नाव संपल्याची खूण ठेवायला जातो, म्हणून ६३. तिथे १२८ करा, पुन्हा कंपाइल करा, नवीन इनिटडीबी करा. लांब मराठी नावं चालू लागतात. एका आकड्याने अख्ख्या डेटाबेसची वागणूक बदललेली बघणं हा मोठा आनंद आहे, आणि शिकणाऱ्याने तो जरूर घ्यावा.

खऱ्या कामाच्या मशीनवर मात्र हे करू नका. असा बांधलेला डेटाबेस नेहमीच्या पॅकेजमधल्या पोस्टग्रेसला उघडता येत नाही. चालू होतानाच तो सांगतो, की हा डेटा १२८ ने तयार झालाय आणि मी ६४ ने बांधलेलो आहे. मग सगळा डेटा पीजी-डंपने बाहेर काढून पुन्हा भरण्यावाचून मार्ग उरत नाही. तुमच्यानंतर ते मशीन सांभाळायला येणाऱ्याला हे कोण सांगणार? त्यापेक्षा ‘खाते_क्रमांक’ लिहा.

दुसरी गोष्ट अकारविल्हे यादीची. साखर कारखान्याच्या सभासदांची किंवा पतसंस्थेच्या खातेदारांची यादी आडनावाप्रमाणे लावायची आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या खुणांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘ळ’ चा क्रमांक ‘ल’ च्या लगेच पुढे, ‘व’ च्या आधी येतो. नुसत्या क्रमांकांवर यादी लावली तर काळे, कावळे, काशीद असा क्रम लागतो. शाळेतल्या वर्णमालेत ‘ळ’ असतो ‘ह’ च्या नंतर, म्हणजे कावळे, काशीद, काळे. कोणत्या भाषेत कोणता क्रम, याचे नियम आयसीयू या लायब्ररीत असतात आणि त्यात मराठीचेही आहेत. पोस्टग्रेसच्या १६ व्या आवृत्तीपासून आयसीयू आपोआप धरली जाते, पण कॉन्फिगर अडलं म्हणून कुणी ‘विदाउट-आयसीयू’ लिहून पुढे गेलं असेल, तर ते नियम त्या डेटाबेसमध्ये नाहीत. बांधताना चूक कुठेच दिसणार नाही. यादी तेवढी वेगळी लागेल.

क्रमाचे नियम इंडेक्सच्याही मुळाशी असतात. इंडेक्स म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून क्रमाने लावून ठेवलेली सूची. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले, आणि ऑपरेटिंग सिस्टम अपग्रेड करणाऱ्या अनेकांचे मजकुरावरचे इंडेक्स बिघडले. नोंद टेबलात आहे, पण शोधली की सापडत नाही. इंडेक्स नव्याने बांधल्यावरच सगळं ताळ्यावर आलं.

## स्वतः बांधलेलं जास्त सुरक्षित असतं ना?

एक्सझेडच्या प्रकरणातून बरेच जण हा अर्थ काढतात. प्रकरण इतकं सरळ नाही. चोरवाट पेरणाऱ्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला. चोरवाटेचे तुकडे चाचणीच्या फायलींत लपवले, आणि ते जोडणारी स्क्रिप्ट फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या सोर्सच्या गाठोड्यात घातली. सगळ्यांना दिसणाऱ्या गिट भांडारात, म्हणजे सोर्समधल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते तिथे, ती नव्हती. गंमत म्हणून नव्हे, सावधगिरी म्हणून लक्षात घ्या: ही स्क्रिप्ट चालायची ती बांधतानाच, कॉन्फिगरच्या टप्प्यात. हल्लेखोराने ती डेबियन किंवा रेडहॅट पद्धतीचं पॅकेज बांधतानाच चोरवाट जोडेल अशी लिहिली होती, पण विष गाठोड्यातच असेल तर सोर्स स्वतः कंपाइल करणं हे त्यावरचं भरवशाचं औषध नव्हे. उलट डेबियनसारख्यांच्या पक्क्या आवृत्त्या वाचल्या, कारण त्या नवं सॉफ्टवेअर लगेच उचलत नाहीत.

डाउनलोड केलेल्या फाइलचा शा-२५६ ताळा जुळवून बघावाच. हा ६४ चिन्हांचा ठसा. फाइलमध्ये एक बाइट बदलला तरी ठसा वेगळा येतो. पण त्याने एवढंच कळतं, की वाटेत कुणी ढवळाढवळ केली नाही. मुळात गाठोडं बांधणाराच फितूर असेल तर ठसाही जुळतो.

पोस्टग्रेसने या बाबतीत चांगलं पाऊल उचललंय. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून त्यांचं गाठोडं थेट गिट भांडारातून निघतं. पूर्वी काही फायली त्यांच्याकडे आधीच तयार करून त्यात घातलेल्या असत. आता त्या तुमच्या मशीनवर तयार होतात. त्यामुळे बायसन, फ्लेक्स आणि पर्ल ही साधनं आता तुमच्याकडे असावीच लागतात. कामात थोडी भर पडली, पण गाठोड्यात काय आहे ते भांडाराशी ताडून बघता येतं.

सुरक्षेचा आणखी एक मुद्दा फार कमी जणांना माहीत असतो. नुसतं कॉन्फिगर म्हटलं तर पोस्टग्रेस एसएसएलशिवाय बांधला जातो. दोन मशीनमधलं बोलणं गुप्त ठेवणारी सोय म्हणजे एसएसएल. ती हवी असेल तर ओपन-एसएसएल वापर असं वेगळं सांगावं लागतं. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये ती आधीच असते. म्हणजे काहीही न वाचता तीन कमांड मारणाऱ्याच्या हाती तयार पॅकेजपेक्षा कमी सुरक्षित डेटाबेस येतो.

## वेग तरी वाढत असेल?

जाणवेल इतका नाही. नेहमीच्या कॉन्फिगरने कंपायलरला वेगासाठी जी पातळी सांगितली जाते, तीच पातळी पॅकेजवाले साधारणपणे वापरतात. डेटाबेस संथ असेल तर आधी इंडेक्स बघा, क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न बघा, मेमरीची सेटिंगं बघा.

## मग पतसंस्थेच्या सर्व्हरवर काय बसवू?

पॅकेज. लिनक्सच्या पॅकेज-भांडारातलं घ्या, नाहीतर नवी आवृत्ती हवी असेल तर पोस्टग्रेसच्या मंडळींनी स्वतः चालवलेल्या पॅकेज-भांडारातलं. कारण बांधणं एकदाच होतं, सांभाळणं वर्षानुवर्षं चालतं. पोस्टग्रेस दर वर्षी नवी मोठी आवृत्ती काढतो आणि प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या पुरवतो. त्या दुरुस्त्या साधारण दर तीन महिन्यांनी येतात: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. पॅकेज असेल तर नेहमीच्या अपडेटबरोबर दुरुस्ती येते. सोर्सवरून बांधलं असेल तर दर वेळी डाउनलोड, कॉन्फिगर, मेक, चाचणी, इन्स्टॉल. आणि तेही पहिल्या वेळचेच पर्याय आठवून.

ऑपरेटिंग सिस्टम बदलली तरी अडतं. उबुंटू २२.०४ मध्ये आयसीयूची ७० वी आवृत्ती आहे, २४.०४ मध्ये ७४ वी. जुन्या मशीनवर बांधलेला पोस्टग्रेस अपग्रेडनंतर ७० वी शोधतो, ती नसते, आणि तो सुरूच होत नाही. पुन्हा बांधावा लागतो, आणि मजकुरावरचे इंडेक्सही नव्याने करावे लागतात.

पॅकेज असो वा सोर्स, प्रोग्राम आणि डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरू नका. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांतली मशीनं पाण्यात गेली. प्रोग्राम कधीही पुन्हा उतरवता येतो. पीजी-डंपने काढलेली डेटाची प्रत शहराबाहेर, दुसऱ्या मशीनवर असायला हवी, आणि ती परत भरून बघितलेली असायला हवी.

मग सोर्सवरून बांधायचं कुणी? डेटाबेस शिकणाऱ्याने, त्याच्या कोडमध्ये चूक शोधणाऱ्याने, अजून जाहीर न झालेली आवृत्ती तपासणाऱ्याने, आणि ज्याच्या मशीनसाठी पॅकेजच मिळत नाही त्याने. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि एक रविवार त्याला द्या.

आणि तुमच्याकडे आधीच पॅकेजचा पोस्टग्रेस चालू असेल, तर आज एवढं करा. पीजी-कॉन्फिग ही कमांड ‘कॉन्फिगर’ या पर्यायासह चालवा. उबुंटूवर ती नसेल तर लिबपीक्यूचं ‘डेव्ह’ पॅकेज बसवावं लागेल. तो पोस्टग्रेस बांधताना पॅकेज करणाऱ्याने कोणते पर्याय निवडले, ते सगळे एका ओळीत छापून येतात. त्यात ओपन-एसएसएल, आयसीयू आणि सिस्टमडी ही तीन नावं शोधा.